आप्पासरांचा व्हरांडा

साइटवर गेले की आप्पासर आधी आडवे व्हायचे. टेप नंतर, नकाशा त्याच्याही नंतर. शाळा असो की दवाखाना, माणूस जिथं बसणार-झोपणार तिथं सतरंजी टाकून तासभर पडून राहायचे. दौंडच्या आमच्या डिझाइन फर्ममधले ते सगळ्यांत जुने आर्किटेक्ट, आणि आम्हा शिकाऊ पोरापोरींचे मास्तरही. मी डिग्री घेऊन नवी नवी आले, तेव्हा पहिल्याच दिवशी एका खोलीचं माझं ड्रॉइंग बघून म्हणाले, "तीन वाजता हितं ऊन कुठं येतं? न्हाई म्हाईत? मग जा, झोपून ये." माझा असा संताप झाला! पाच वर्षं घासून मी काय झोपा काढायला आले होते?

मूळचे ते शिरूरकडचे. दर गुरुवारी पुण्याला कॉलेजात शिकवायला जायचे, पण बोली तीच. पोरं हसली तर हसू द्यायचे.

कुरकुंभच्या एका कंपनीनं रात्रपाळीच्या कामगारांसाठी खोल्या बांधायचं काम दिलं, तेव्हा सर भर एप्रिलात एका कामगाराच्या भाड्याच्या खोलीत दुपारचे झोपायला गेले. मीही बरोबर होते. तो बिचारा ओशाळला. "आप्पा, हितं कुठं झोपताय? रातभर मशिनीवर उभं ऱ्हायचं आन् दिवसा ह्या भिंतीनं भाजून निघायचं. कवा डोळा लागंल, भरवसा न्हाई." सर बाहेर आले ते घामानं निथळत. दुसऱ्या दिवशी त्यांनी नकाशात पश्चिमेच्या अंगाला रुंद व्हरांडा काढला, म्हणजे उन्हाची झळ खोलीच्या भिंतीपर्यंत पोचणार नाही.

कंपनीला मात्र दर मजल्यावर दोन खोल्या जास्त हव्या होत्या. एका गुरुवारी, सर कॉलेजात असताना, फर्मच्या साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "मॅडम, व्हरांडा काढून टाका. सरांना मी सांगतो." त्यांनी सांगितलं नाही. मीही नाही. तासाभरात मी व्हरांडा उडवला आणि नवा नकाशा साइटवर गेला.

पहिला स्लॅब टाकून झाल्यावर सर सतरंजी घेऊन तिथं गेले, तेव्हा त्यांना कळलं. ऑफिसात येऊन थेट माझ्या टेबलापाशी उभे राहिले.

"तू तिथं झोपून बघितलंस?"

"नाही सर. साहेबांनी सांगितलं म्हणून..."

"झोपली न्हाईस, तर रेघ कशी मारलीस?"

आठवडाभर ते साहेबांशी भांडले. व्हरांडा काही परत आला नाही. सर फर्म सोडून गेले. आणि बेशरमपणा बघा, उद्घाटनाला दारातल्या संगमरवरी पाटीवर आर्किटेक्ट म्हणून सरांचंच नाव! ते काढा म्हणून त्यांनी पत्रांवर पत्रं लिहिली. "वय झालंय त्यांचं, मनावर घेऊ नका," असं साहेब चहा पिता पिता आम्हाला सांगायचे. आणि आम्हीही मुकाट चहा प्यायचो. त्या चहाची मला आजही लाज वाटते.

गेल्या वर्षी सर वारले. शोकसभा भरवली ती याच साहेबांनी. गहिवरून म्हणाले, "कामगारांच्या झोपेची काळजी कशी घ्यावी, हे सरांच्या कुरकुंभच्या इमारतीत जाऊन बघा!" माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी उभी राहिले.

"त्या इमारतीत दुपारी कुणाला झोप लागत नाही. ती सरांची नाही. सरांचा व्हरांडा मी खोडलाय. त्यांचं नाव पुसा आणि तिथं माझं घाला."