हिरामावशींना पडायचं होतं

शिकवणाऱ्या माणसांचा एक मोठा गुन्हा आहे. ते समोरच्याला कधीच विचारत नाहीत, की बाबा, तू इथे आलास कशाला? कराटेच्या क्लासात तर नाहीच नाही. रांगेत उभं करायचं, आकडे ओरडायचे, घाम काढायचा, संपलं! मी कुणाचं नाव घेत नाही. ज्याला लागायचं त्याला लागेल.

हा आरोप मी पहिल्यांदा केला तेव्हा माझी सायकॉलॉजीची डिग्री नवी होती आणि ब्लॅक बेल्टही. आता या आरोपाचेच इतके किस्से जमलेत, की मैत्रिणी मला चहाला बोलावतात ते चहासाठी नसतं. कारण साधं आहे. तुम्ही विचारायला लागलात की लोक खरंच उत्तरं देतात.

\* \* \*

आमचा क्लास सुकापूरला, एका सोसायटीच्या हॉलमध्ये. क्लास सावंत सरांचा. सर मूळचे ज्यूदोचे, नंतर कराटेत आले. कमी बोलतात, आणि जे बोलतात त्यात आकडेच जास्त असतात.

मी त्यांच्याकडे संध्याकाळची बॅच मागितली. म्हटलं, "सर, शिकणाऱ्याला मध्यभागी ठेवायचं. आधी विचारायचं, मग शिकवायचं."

सर म्हणाले, "डॉक्टर विचारतो, कुठे दुखतंय. कुठलं इंजेक्शन आवडेल, असं नाही विचारत."

पण बॅच दिली. आणि त्या दिवसापासून 'मॅडम' ही पदवीही दिली!

\* \* \*

मी फॉर्म केला. एकच प्रश्न : 'तुम्हाला इथून काय हवंय?'

आठ वर्षांच्या अद्वैतचा फॉर्म त्याच्या आईने भरला. कॉन्फिडन्स, कॉन्सन्ट्रेशन, मोबाईलची सवय सुटणे, भाज्या खाणे आणि जमल्यास गणित.

मी म्हटलं, "मॅम, त्याला स्वतःला काय हवंय ते लिहायचंय."

"अहो, तेच तर लिहिलंय. त्याला काय कळतंय!"

मी खाली बसले, अद्वैतच्या डोळ्यांत बघितलं, आवाज मऊ केला. "अद्वैत, तुला काय हवंय?"

"घरी जायचंय."

मी अर्धा तास त्याच्याशी 'घरी जाण्यामागची भावना' यावर बोलले. शेवटी सर आले. म्हणाले, "घरी जायचंय? जा."

दुसऱ्या दिवशी अद्वैत दहा मिनिटं आधी हजर. मला शोधत नव्हता, सरांना शोधत होता.

\* \* \*

घरत काका पन्नाशीचे. गावात मान, गळ्यात चेन, आवाज मैदानी. फॉर्म हातात घेतला नाही, तोंडीच सांगितलं.

"पोराची हलद हाय मे महिन्यात. बॅनरवर मना काला पट्टा बांधून फोटो पायजे."

"काका, ब्लॅक बेल्टला काही वर्षं लागतात."

"तं मी काय आयता मागतंय काय? रोज येतंय ना!"

मी पुस्तकात वाचलं होतं, की ध्येय नाकारायचं नाही, त्याचे टप्पे पाडायचे. म्हटलं, "सुरुवात पांढऱ्या पट्ट्याने करू. तो तर आजपासूनच तुमच्या कमरेला."

काकांनी माझ्याकडे कीव येऊन पाहिलं. "पोरी, ड्रेस पांढरा, पट्टा पन पांढरा. फोटोत दिसंल काय?"

\* \* \*

कॉलेजच्या दोन मुलींना मी सांगितलं, फाइटचे नियम तुमचे तुम्ही ठरवा. स्वतः ठरवलेले नियम माणूस मनापासून पाळतो!

चाळीस मिनिटं चर्चा झाली. चेहऱ्याला हात नाही. केसांना नाही. नखं नुकतीच केलीत, म्हणून मुठी नाहीत. पोटात नाही, दोघी जेवून आल्या होत्या. मग दोघींनी एकमेकींना वाकून नमस्कार केला आणि समोरासमोर उभ्या राहिल्या. बराच वेळ.

सर दारातून म्हणाले, "मॅडम, यात जिंकलं कोण?"

\* \* \*

आणि हिरामावशी. पासष्टीच्या, माहेर करंज्याच्या कोळीवाड्यातलं, एकट्या राहतात चौथ्या मजल्यावर. मागच्या वर्षी स्वयंपाकघरात घसरल्या, हात टेकला, मनगट मोडलं.

"माजी पोरगी पुन्याला असते. बोलते, आनखी एकदा पडलीस तं घर बंद, तू माझ्याकडं. मना नाय जायाचं. तिकडं सुका बोंबील भाजला तं लिफ्टमदल्या बाया नाक धरतात." मग त्यांनी फॉर्मवर बोट ठेवलं. "लिव. मना पडाला शिकव."

मी हरखले. इतकं स्पष्ट ध्येय मला कुणीच दिलं नव्हतं! फक्त शब्द जरा नकारात्मक वाटला. मी फॉर्मवर लिहिलं, 'संतुलन आणि आत्मविश्वास.' तीन आठवडे मावशींना भिंतीला धरून एका पायावर उभं केलं.

चौथ्या आठवड्यात त्या म्हणाल्या, "बाय, उबं रावाला मना येतंच गो. घोटाळा खाली जाताना होतो."

त्या दिवशी मी हॉलची किल्ली द्यायला परत आले, तर आत सर आणि मावशी. सर काहीच विचारत नव्हते. नुसतं सांगत होते. "हनुवटी छातीला. गुडघे वाकवा. हात टेकायचा नाही, हात आपटायचा. जोरात! पुन्हा."

फट्‌! मावशी आडव्या, आणि हसत होत्या.

मी किल्ली दारातच ठेवून निघून गेले. त्यावर माझं काय म्हणणं आहे, ते अजून कुणी विचारलेलं नाही.

\* \* \*

बेल्टच्या परीक्षेचा रविवार. बाहेरून परीक्षक आले होते. मावशींचा नंबर पुकारला आणि दारात त्यांची मुलगी वैशाली उभी. दोन रिकाम्या बॅगा, डोळे लाल. मागे मावशींच्या खालच्या फ्लॅटमधल्या देशमुख काकू.

काकूंनीच पुण्याला फोन केला होता. "तुमच्या आई रोज सकाळी पडतात हो. सहाला सुरू होतात, साडेसहापर्यंत दहा-बारा वेळा तरी."

झालं असं होतं, की मावशी घरी गादी टाकून सराव करत होत्या. हात नीट आपटला की स्लॅब वाजतोच!

मी पुढे झाले. "वैशालीताई, तुम्हाला आत्ता नेमकं काय वाटतंय ते आधी..."

"काय वाटतंय? माझी आई दिवसाला बारा वेळा पडतेय आणि तुम्ही मला काय वाटतंय विचारताय? आई, चल. कपडे भरायचेत."

"थांब गो," मावशी म्हणाल्या, "नंबर माजा हाय."

त्या मॅटवर गेल्या. मागे पडल्या, उठल्या. डावीकडे पडल्या, उठल्या. उजवीकडे. प्रत्येक वेळी हात असा वाजला, की अद्वैत टाळ्या पिटायला लागला. मग कुणाला काही कळायच्या आत त्या मॅटवरून खाली उतरल्या. नुसत्या फरशीवर.

"मावशी, नको!" हे मी. सरांनी अडवलं नाही.

फट्‌!

मावशी कुशीवर वळल्या, गुडघा टेकला, उभ्या राहिल्या. मनगट मुलीसमोर धरून गोल फिरवून दाखवलं.

"आनखी पडू?"

वैशाली एका बॅगेवर मटकन बसली. आईचं मनगट हातात घेऊन दाबून पाहिलं. मग म्हणाली, "कुणी शिकवलं हे?"

मी सरांकडे पाहिलं. सरांनी माझ्याकडे बोट केलं. "मॅडमची बॅच आहे."

खोटं नव्हतं. म्हणूनच जास्त लागलं.

"दिवाळीपर्यंत राहा," वैशाली आईला म्हणाली. "मग बघू." तिने डोळे पुसले आणि लहान बॅग मोठ्या बॅगेत घालून चेन लावली. परीक्षक विचारत होते, यांना बेल्ट कुठला द्यायचा? मावशी म्हणाल्या, नको, तो बांधत कोन बसंल रोज.

देशमुख काकू अजून दारातच होत्या. त्यांनी पदर सावरला आणि वैशालीला हळूच विचारलं,

"मग आता ज्या दिवशी आवाज येणार नाही, त्या दिवशी फोन करू ना?"