पिवळ्या साडीचा परतावा

कल्याणच्या त्या साड्यांच्या दुकानाचा वास अजून माझ्या नाकात आहे. घडी मोडताना कोऱ्या रेशमातून उठणारा, नुकत्या वेळलेल्या भातासारखा वास. त्याखाली गादीवरच्या पांढऱ्या चादरीची खळ, एसीचा ओलसर गारवा, आणि आमच्यासाठी मागवलेल्या चहातलं आलं. साड्यांच्या दुकानात मी एरवी थोडी धुंदच होते. त्या दिवशी मात्र रंगांवरून माझी नजर घसरत होती. गल्ल्यापाशी ठेवलेल्या, कार्ड घेणाऱ्या छोट्या यंत्राकडे मी पुन्हा पुन्हा पाहत होते.

खरेदी माझ्या भाचीच्या लग्नाची होती. ताई, माझी थोरली बहीण, टिटवाळ्याहून आली होती आणि मी ठाण्याहून, बाळकुमहून. दोघींच्या मधलं म्हणून कल्याण.

आम्हा बहिणींना भाऊ नाही. बालपणी त्याचं काही वाटलं नव्हतं. पण मुलीच्या लग्नात मामाची जागा रिकामी दिसते. नवरीला पिवळी साडी मामाकडून येते. या साडीला अष्टपुत्री म्हणतात. ती नेसून मुलगी गौरीहरापुढे बसते, आणि मुहूर्ताची वेळ झाली की मामाच तिला हात धरून बोहल्यापर्यंत आणतो. लग्न ठरल्यावर भावोजींकडच्या वडीलधाऱ्यांनी आमच्या एका चुलतभावाचं नाव सुचवलं. ताईने ऐकून घेतलं आणि सांगितलं की माझ्या माहेराला माझी बहीण आहे. साडी तीच देईल आणि मुलीला तीच आणील. हे तिने मला फोनवर अगदी सहज कळवलं, दूध उतू जाऊ नये म्हणून मधे थांबत. मी फोन ठेवला आणि बाल्कनीत जाऊन पुष्कळ वेळ उभी राहिले. एवढा मान मला आयुष्यात कुणी दिला नव्हता.

त्याच सुमारास माझ्याकडे नवं क्रेडिट कार्ड आलं होतं.

ते निवडायला खरं तर भाचीनेच मदत केली होती. तिचं ऑफिस ठाण्यात; शनिवारी दुपारी ती आमच्याकडे जेवायला यायची. मी तिला म्हटलं, हल्ली सगळ्यांना कॅशबॅक मिळतो, मलाही एखादं कार्ड बघून दे. ताटावरून न उठता तिने विचारलं, मावशी, आधी सांग, तुझा पैसा जातो कुठे? मी जन्मभर कविता शिकवलेली बाई. मी सांगितलं, पुस्तकं, नाटकं, गाण्याच्या मैफली, आणि रोजची सोनचाफ्याची फुलं.

“मावशी, सोनचाफ्यावर कॅशबॅक नसतो गं,” ती हसत म्हणाली. “खरं सांग.”

मग तिने एकेक करून खरं काढून घेतलं. वाणसामान, वीज, पाइपचा गॅस, माझ्या यजमानांच्या रक्तदाबाच्या गोळ्या, माझ्या गुडघ्याचं तेल. शेवटचं पुस्तक मी कधी विकत घेतलं होतं, हे मला आठवेना. माझ्या आयुष्याला बकुळीचा वास येतो असा माझा समज होता. भाचीच्या प्रश्नांतून निघाला तो तूरडाळीचा आणि बामाचा. मला तेव्हाही लाज वाटली, पण ती हसण्यावारी नेण्याइतकी हलकी होती.

तिने समजावलं ते साधं होतं. काही कार्डं प्रत्येक खर्चावर थोडं थोडं परत देतात, काही फक्त ऑनलाइन खरेदीवर बरंच देतात, आणि काही ठरावीक मुदतीत भरपूर खर्च केला तरच एक मोठी रक्कम देतात. तुझ्यासाठी पहिलं, तिने सांगितलं. वार्षिक फी नाही, डाळीवरही मिळेल आणि गोळ्यांवरही. जशी सवय तसं कार्ड घ्यायचं, कार्डासाठी सवय बदलायची नाही. मी मान डोलावली, तिच्या पानात दहीभात वाढला, आणि ती गेल्यावर तिसऱ्या प्रकारच्या कार्डासाठी अर्ज केला.

का केला, ते मी स्वतःला अनेकदा विचारलं आहे. थेंब थेंब येणारी गोष्ट मला आवडत नाही, एवढंच उत्तर सापडतं. जाहिरातीतल्या ‘एकदम’ या शब्दावर मी भाळले.

डाळ आणि गोळ्या मिळून ती खर्चाची पायरी चढणं शक्यच नव्हतं. मुदत सरत चालली. आणि मग लग्नाची खरेदी निघाली. मी ताईला म्हटलं, लग्नसराईत एवढी रोकड घेऊन कशाला फिरतेस, सगळं माझ्या कार्डावर घेऊ, तू मला मागाहून दे. वाक्य काळजीचं होतं. त्यात काळजीही होतीच. दुधात पाणी मिसळल्यावर दूध कुठलं आणि पाणी कुठलं, हे मिसळणाऱ्यालाही सांगता येत नाही.

ताई तरीही रोकड घेऊन आली. एक दुपारही कुणाचं देणं डोक्यावर ठेवणं तिला जमत नाही. भावोजी कामाला होते तो मोहने गावातला कारखाना बंद पडल्यावर मिळालेल्या पैशांतली एक ठेव तिने मुलीसाठी जपली होती, ती मोडून आणलेले पैसे. रुमालात बांधलेले, पर्समध्ये, आणि पर्स पोटाशी. शालू झाला, व्याह्यांकडच्या बायकांच्या साड्या झाल्या, मानपानाची उपरणी झाली. बेरीज करता करता दुकानदार ताईकडे झुकून हळूच म्हणाला की रोख देणार असाल तर थोडं कमी करता येईल. ताईच्या पर्सचं बटण टक् करून उघडलं. तो आवाज मी ऐकला.

“कार्डच घ्या,” मी म्हटलं आणि कार्ड पुढे केलं.

यंत्र पाखरासारखं चिवचिवलं. ताईने तिथेच, गादीवर बसल्या बसल्या, रुमाल सोडून सगळे पैसे माझ्या ओंजळीत दिले. नोटांना तिच्या कपाटातल्या डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता. मग मी अष्टपुत्री निवडली. हळदीचा गाभा असावा तसा पिवळा रंग, हिरवे काठ. बिल वेगळं करायला लावलं, ताईला किंमत दिसू दिली नाही, आणि तेच कार्ड दिलं. ताईने ती साडी कपाळाला लावली.

काही दिवसांनी परताव्याचा निरोप मोबाइलवर आला. मी मनातल्या मनात ताडून पाहिलं. अष्टपुत्रीच्या किमतीपेक्षा रक्कम किंचित जास्तच होती. तेव्हा मला लाज वाटली नाही. मला आनंद झाला, कवितेचं वृत्त जमल्यावर होतो तसा. संध्याकाळी यजमानांना चहा देताना मी तो आनंद सांगितला आणि त्यांनी मला शाबासकी दिली.

लाज आली ती केळवणाच्या दिवशी. लग्नाआधी नवरीला आणि तिच्या घरच्यांना जेवायला बोलावतात, तसं मी ताईला, भावोजींना आणि भाचीला बोलावलं होतं. ताटांभोवती रांगोळी, मसालेभात, अळूवडी, केशराचं श्रीखंड. यजमान खुशीत होते. श्रीखंडाचा आग्रह करता करता ते ताईला म्हणाले, “ताई, तुमच्या बहिणीची हुशारी ऐकलीत का? अष्टपुत्रीचे पैसे बँकेकडून वसूल केले हिने. साडी फुकटात पडली.”

त्यांच्या मनात काहीच नव्हतं. ते बायकोचं कौतुक करत होते.

भाचीचा घास हातातच राहिला. कुठलं कार्ड, तिने विचारलं, मी सांगितलेलंच ना? मी म्हटलं, नाही, दुसरं. पुढे तिला काही विचारावं लागलं नाही. आमच्या घरातल्या डाळीचा आणि गोळ्यांचा अंदाज तिला माझ्यापेक्षा चांगला होता. ताई मात्र सावकाश समजून घेत राहिली. मी घेतलेल्या साड्यांवर मिळाले का ते पैसे, तिने विचारलं. यजमान म्हणाले, हो, पण तुमचं त्यात काही गेलं नाही. ताईने अळूवडीचा तुकडा मोडला, खाल्ला, आणि मग माझ्याकडे पाहिलं.

“दुकानदार रोखीचं काहीतरी म्हणत होता ना गं?”

“मला नाही आठवत,” मी म्हटलं.

फणसाचा चीक हाताला लागतो तसं ते वाक्य माझ्या जिभेला चिकटून राहिलं. मुलीच्या पानात भात वाढायला ताईने मला खुणावलं. मी वाढला. जेवणं झाल्यावर भाचीची ओटी भरताना माझ्या हातून तांदूळ सांडले. ती वाकून गोळा करायला लागली, आणि माझ्याकडे न बघता तिने ते माझ्याच मुठीत परत ठेवले.

माझ्या बहिणीच्या मुलीला तिच्या आईच्या माहेरची साडी मिळणार होती, आणि ती तिच्या आईच्याच पैशांतून आली होती. याहून सरळ शब्दांत मला ते मांडता येत नाही, आणि कितीही वळवलं तरी दुसरा अर्थ निघत नाही.

दुसऱ्या दिवशी मी ताईला फोन केला. मला आठवतं, मी खोटं बोलले, असं सांगितलं. मिळालेले पैसे देते म्हटलं, दुसरी साडी आणते म्हटलं. पलीकडे कुकरची शिट्टी होऊन गेली. मग ताई शांतपणे म्हणाली, “पैसे कशाचे? मी साड्या घेतल्या, त्यांचे दिले. हिशेब चोख आहे. आणि साडी आता तीच नेसेल ती. लोकांना काय सांगू मी?”

मुहूर्ताला मुलीला कोण आणणार, हे विचारायचं मी ठरवलं होतं. जीभ रेटली नाही. ताईनेही त्याबद्दल काही म्हटलं नाही. पुढच्या आठवड्यात भावोजींकडून कळलं की त्या चुलतभावाला सहकुटुंब अगत्याचं बोलावणं गेलं आहे आणि त्याने यायचं कबूल केलं आहे. मी ‘छान झालं’ म्हटलं. त्यानंतर मला रोज वाटे, आज ताईचा फोन येईल आणि ती मला सांगेल की तू फक्त बसायला ये.

फोन आला नाही. लग्नाच्या सकाळी कल्याणच्या कार्यालयात मी वधूपक्षाच्या खोलीत गेले तेव्हा भाची गौरीहरापुढे बसली होती. उदबत्ती, ओली हळद, अबोलीचे गजरे. पिवळ्या साडीत ती निरांजनासारखी दिसत होती. येणारी प्रत्येक बाई साडीचा पदर हातात घेई आणि विचारी, कुणाकडची? आणि ताईची नणंद प्रत्येकीला सांगे, मावशीने दिली हो, मामाच्या जागी मावशी. काठ बघा किती सुरेख आहेत. मी खिडकीकडे तोंड करून उभी राहिले. कौतुक इतकं बोचतं, हे मी कधी कुठल्या ओळीत वाचलं नव्हतं, आणि लिहिलंही नव्हतं.

सभागृहात येऊन मी मागच्या रांगेत बसले. चुलतभाऊ पुढच्या खुर्चीवर होता, डोक्याला फेटा, खांद्यावर उपरणं. मंगलाष्टकांच्या आधीची ती कुजबुज सुरू झाली होती. अक्षता वाटणाऱ्या मुली रांगांतून फिरत होत्या. माझ्या तळहातावर पडलेले तांदूळ कुंकवाने ओले होते. अंतरपाट धरला गेला. गुरुजींनी ध्वनिक्षेपकावरून पुकारलं, “मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं.”

चुलतभावाने उपरणं सारखं केलं आणि तो खुर्चीतून अर्धवट उठला. मी मान खाली घातली. गुरुजींनी दुसऱ्यांदा पुकारलं. सनई मधेच थांबली आणि माणसं इकडेतिकडे पाहू लागली.

मग मला कापराचा आणि कोऱ्या रेशमाचा वास आला. ताई मंचावरून उतरून, सगळ्या रांगा ओलांडून माझ्या खुर्चीपाशी येऊन उभी होती. तिचे डोळे कोरडे होते, आणि त्यांत माझ्यासाठी काही मऊ नव्हतं. तिने माझ्या मुठीतल्या अक्षता काढून स्वतःच्या हातात घेतल्या.

“ऊठ.”