कपाटातला सूक्ष्मदर्शक

आमच्या विज्ञानाच्या सरांनी सत्तावीस वर्षं पेशी शिकवली ती पुस्तकातल्या चित्रावरून. शाळेचा सूक्ष्मदर्शक कपाटात कुलूपबंद असायचा. "मुलांनी फोडला तर निस्तरणार कोण?" असं ते म्हणत.

निवृत्तीच्या आठवड्यात त्यांनी तो नव्या बाईंच्या ताब्यात दिला. बाईंनी लगेच कांद्याचा पापुद्रा काचेवर ठेवला आणि वर्ग झाडणाऱ्या मावशींनाही बघायला बोलावलं. मावशी सातवीपर्यंत सरांच्याच वर्गात शिकल्या होत्या. त्या बराच वेळ डोळा लावून होत्या.

"सर, या खरंच असतात होय? मला वाटायचं, परीक्षेपुरतं चित्र आहे."

उरलेले चार दिवस सर स्वतः सूक्ष्मदर्शक घेऊन वर्गावर गेले. प्रत्येकाला पोटभर बघायचं होतं. जेमतेम दोन वर्ग झाले.