मनगटावरचं घड्याळ

त्या बाईचं नाव विचारायचं राहूनच गेलं बघा. ऐंशीच्या सुमाराची गोष्ट. बहिणीच्या गळ्यातल्या गाठीचा फोटो काढायला आम्ही नाशकातल्या दवाखान्यात बसलो होतो. त्यासाठीचं किरणोत्सारी औषध बनवणारी शास्त्रज्ञ बाई स्वतःच ते मुंबईहून घेऊन आली, पण तिची जीप कसारा घाटात फार वेळ अडकली होती. शिशाच्या डब्यातली कुपी पाहून मी म्हटलं, “भरलेली तर आहे की!”

“दिसते भरलेली, ताई. पण औषधाचा जोर दर सहा तासांनी निम्मा होतो.” बोलताना तिची नजर सारखी मनगटावरच्या घड्याळाकडे.

जोर उतरल्यामुळे बहिणीला यंत्राखाली जास्त वेळ न हलता पडायचं होतं. हलली, तर फोटो वाया.

“किती वेळ हो?” बहीण घाबरली.

बाईने घड्याळ काढून पर्समध्ये टाकलं. “मला काही घाई नाही बाई.”

बहीण निवांत पडून राहिली. बाई मात्र पाठीमागे बोटांवर मिनिटं मोजत होती, ते फक्त मलाच दिसलं.