ठिपका जाईपर्यंत

भूतबित असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. आजही नाही म्हणेन… फक्त पूर्वीइतक्या जोरात नाही.

आमचं गाव दिवाळे, बेलापूरच्या खाडीकाठी. मी बायको-मुलांसह कामोठ्याला फ्लॅटमध्ये राहतो. बाबा गेल्यावर आय गावच्या घरात एकटी. दोनदा घेरी येऊन पडली, तरी माझ्याकडे यायला तयार नाही. कारण काय, तर बाबांचा जुना ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही!

त्या टीव्हीचे बाबांचे कायदे होते. आधी स्टॅबिलायझर, काटा स्थिर झाला की मगच टीव्ही. बंद करताना उलटं. बटण फिरवलं की काचेच्या मधोमध एक पांढरा ठिपका उरायचा. तो विझेपर्यंत प्लगला हात लावायचा नाही, कुणी जागचं उठायचंही नाही. बाबा गेल्यावरही आय मासळी विकून आली की टीव्ही लावायची. दिसायच्या नुसत्या मुंग्या.

त्या रविवारी भरदुपारी मी तिला न्यायलाच गेलो होतो. भाड्याची गाडी दारात उभी. तिने टीव्ही बंद केला आणि बसूनच राहिली. माझं डोकं सटकलं… मी सरळ प्लग उपटला.

ठिपका तसाच!

जुन्या सेटमध्ये तो थोडा वेळ राहतो, मान्य. पण ड्रायव्हर हॉर्न मारून मारून निघून गेला, शेजारणीने वाळत घातलेली मासळी उचलून आत नेली, तरी ठिपका जागच्या जागी. प्लग माझ्या हातात.

“आय, हे काय आहे?”

“तुजा बापूस हाय. रोज बसतो माज्यासंगती.” इतकं सहज म्हणाली ती, की मला रडूच आलं.

मी हात जोडले. “बाबा, आयला मी नेतो. नीट सांभाळीन. तुम्ही काळजी सोडा, आता निवांत जा.”

त्याच क्षणी ठिपका विझला.

आय उठली आणि कपड्यांची पिशवी भरू लागली.

टीव्ही आता कामोठ्यात आहे. मेकॅनिकला विचारलं, तर म्हणाला, “इतका वेळ? शक्यच नाय, साहेब.” मलाही आजवर काही उलगडा झालेला नाही. रोज मीच सगळे कायदे पाळून टीव्ही लावतो, बंद करतो. ठिपका लगेच जातो. आय मात्र काळ्या काचेकडे बघत बसते.

काल तिने विचारलं, “त्यांना जावा म्हनालास… मना इचारलास का रं?”