खंडेनवमीला पुसलेली चित्रं

मी माऊसला हात लावण्याआधी बाई टेबलावर बोटानं दोनदा टकटक करायच्या. "दोनच टिचक्या, काका. मग हात काढून गप बसायचं." गप बसणं मला कधी जमलं नाही. मी दहा टिचक्या मारायचो आणि पडद्यावर दहा खिडक्या उघडून घ्यायचो.

आमच्या पतसंस्थेची कचेरी शाहूपुरीत. बाई कबनूरहून रोज एसटीनं यायच्या. वयानं माझ्या निम्म्या, पण संगणक त्यांनाच येत होता, म्हणून सगळ्यांच्याच त्या बाई. तुमच्याही कचेरीत असं एक माणूस असेल, ज्याला हाक मारल्याशिवाय कुणाचा दिवस सुरू होत नाही.

साहेबांनी फर्मान काढलं होतं. दसऱ्यानंतर प्रत्येकानं आपल्या नोंदी संगणकावर उघडून दाखवायच्या. ज्याला जमणार नाही, तो लांबच्या, अजून वह्यांवर चालणाऱ्या गगनबावड्याच्या शाखेत. माझी बायको तेव्हा आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जायची आणि मीच तिला न्यायचो. गगनबावड्याला राहून ते होणार नव्हतं. मी मनातून पार घाबरलो होतो.

फोल्डरात फोल्डर शोधताना मी हरवतो हे बघून बाईंनी नोटपॅडमध्ये दहा-बारा ओळींची एक स्क्रिप्ट, म्हणजे मशीनला द्यायच्या सूचना, लिहिली. ती चालवली की माझ्या आठ फायलींचे शॉर्टकट पडद्यावर ओळीनं मांडले जायचे. मी त्यांना चित्रं म्हणायचो.

खंडेनवमीला आम्ही कचेरी झाडली, संगणकाला हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला. पूजेआधी टेबल मोकळं करतात, म्हणून मी पडदाही मोकळा केला. एकेक चित्र कचरापेटीत टाकलं आणि शहाण्यासारखी पेटीसुद्धा रिकामी केली.

दसरा झाल्यावर मशीन चालू केलं तर पडदा कोरा. साहेब पलीकडच्या टेबलापर्यंत आले होते. सगळ्या सभासदांच्या नोंदी मी पूजेत घालवल्या असंच मला वाटलं.

"बाई, सगळं गेलं."

"काय केलंसा?"

मी सांगितलं. त्या हसल्या नाहीत. "चित्रं पुसलीसा, काका. फायली जाग्यावर हाईत की." टकटक. स्क्रिप्ट चालली आणि आठही चित्रं परत आली. साहेब मागे उभे राहिले तेव्हा मी दोनच टिचक्या मारल्या. फाईल उघडली.

त्याच संध्याकाळी बाईंनी मशीन चालू होताच ती स्क्रिप्ट आपोआप चालेल असं करून ठेवलं.

महिन्याभरात गगनबावड्यालाही संगणक गेला. तिथं जाणतं माणूस हवं म्हणून साहेबांनी बाईंनाच पाठवलं. कबनूरहून रोज जाणं-येणं शक्यच नव्हतं; खोली घ्यावी लागली. मला त्यांच्याकडे बघवेना.

"बाई, माझी बदली तुमच्यावर आली."

"असू दे की. काकूंचा दवाखान्याचा वार चुकवू नकासा."

माझ्या निवृत्तीच्या आठवड्यात जुनं मशीन काढलं. बाई तोवर परत आल्या नव्हत्या. नव्या ऑपरेटरनं ती स्क्रिप्ट उघडली आणि म्हणाला, "काका, हे तुमच्यासाठी हाय का बघा." पहिली ओळ इंग्रजी अक्षरांत, पण मराठीच. ओळीआधी एक खूण होती. तशी खूण असली की मशीन ती ओळ सोडून देतं, ती फक्त माणसांनी वाचायची असते, असं त्यानं सांगितलं.

"काका घाबरतात. ही फाईल काढू नये."

मी वाचलं, माऊसवरचा हात काढला आणि गप बसलो.