आमच्या नेटवर विरजण

मंडळी, पनवेलमध्ये थंडी पडली की आमचं नेट का झोपतं, हे आज कळलं.

सकाळी ऑनलाइन मीटिंगमध्ये बॉससमोर मी तोंड उघडं ठेवून अडकलो. आधी इंटरनेटवाल्याशी फोनवर भांडलो. मग मोबाइलवर स्पीड मोजत सगळं घर पालथं घातलं.

राऊटरपाशी पोचलो, तर अँटेना आडव्या पाडून आईने वर स्टीलचं पातेलं ठेवलेलं!

"आई, हे काय?"

"विरजण हाय. तुझा डबा गरम असतो, दही मस्त लागतं. हलवू नको, मोडंल."

मी पातेलं उचललंच. स्पीड तिप्पट!

संध्याकाळी मात्र वाटीत दूधच. नेटच्या नावाने रोज बोंबलणारे बाबा वाटीकडे बघून म्हणाले, "ठेव परत तिथंच."

ही पोस्ट मोबाइल डेटावर टाकतोय. तुमच्या राऊटरवर काय लागतंय?